पेंडीच्या गोदामातली फिरकी

चौसाळ्यात कुणाचा सत्कार करायचा तर त्या माणसाने आधी काही केलेलं असावं, अशी अट नाही. पुढेमागे तो काही करील अशी शंका आली तरी पुरते. फौजदारकीची पूर्वपरीक्षा पास झालेल्या मुलाचा सत्कार आम्ही मुख्य परीक्षेच्या आधीच उरकून घेतो, कारण नंतर संधी मिळेलच याची खात्री नसते. या दूरदृष्टीमुळे गावात सत्कार झालेल्यांची संख्या काही करून दाखवणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त भरते आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही.

त्यामुळे विरुपाक्षअप्पांची कावेरी इंग्लंडच्या दौऱ्यासाठी भारताच्या महिला क्रिकेट संघात निवडली गेली, तेव्हा तिने तिथे एकही चेंडू टाकायच्या आत गावाने तिला सतरा शाली, चार फेटे आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर एकतीस चेहरे होते. मधोमध युवा नेते हनुमानभाऊ हात जोडून उभे होते. भाऊंना युवा नेते होऊन बावीस वर्षं झाली आहेत आणि मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची वाटी बदलली. कावेरी खाली डाव्या कोपऱ्यात होती. ती नेमकी कोणती हे कळावं म्हणून छापणाऱ्याने बाण काढला होता.

भाषणात भाऊ म्हणाले, "इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं. त्याचं उत्तर आपली कावेरीताई पन्नास षटकांत देणार!"

आपल्या मराठवाड्यावर राज्य निजामाचं होतं, असं मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दबक्या आवाजात सुचवून पाहिलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

या सगळ्या कार्यक्रमात ज्याच्या अंगावर शाल पडली नाही असा एकच माणूस होता, जमील मिस्त्री. तो त्या वेळी एका ट्रॅक्टरच्या खाली होता. कावेरीला चेंडू धरायला त्याने शिकवलं, ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच ती बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नाही.

अप्पांचं पेंडीचं दुकान हायवेला लागून आहे. सरकीची पेंड, शेंगदाण्याची पेंड, भुसा, मिठाचे खडे, म्हणजे म्हशीला जे जे लागतं ते सगळं. काउंटरवर कावेरीची आई उमाबाई बसतात, अप्पा माल आणायला बीडला जातात, आणि शेजारी जमीलचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड. दुकानाच्या मागे सत्तर फूट लांब पत्र्याचं गोदाम. कावेरीचं सगळं क्रिकेट त्या गोदामात झालं, आणि तेही हौसेने नाही. शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ पोलीस भरतीच्या पोरांनी व्यापलेलं असायचं. ती सोळाशे मीटर पळत आणि मध्ये कुणी आलं तर महाराष्ट्राच्या कायदा-सुव्यवस्थेत अडथळा आणल्यासारखं बघत. मग नऊ वर्षांची कावेरी चेंडू घेऊन घरी आली.

गोदामात पोत्यांच्या दोन थप्प्या, मध्ये हमालाला जाता येईल एवढी अडीच फुटांची वाट. वाटेच्या शेवटाला जमीलने ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची एक मोडकी रिंग उभी करून दिली. ती झाली स्टंप. धावत यायचं ते मागच्या दारातून, बाहेरच्या अंगणातून. चेंडू जरा वाकडा पडला की थप्पीत घुसायचा आणि तो काढायला चार पोती हलवावी लागायची, पन्नास-पन्नास किलोची. पोरीने वाकडा चेंडू टाकणं सोडलं ते खेळावरच्या निष्ठेने नाही, कंबर धरली म्हणून. आणि वाटेच्या मधोमध, सात फूट उंचीवर, पत्र्यांना आधार म्हणून एक आडवा लोखंडी अँगल होता. चेंडू जरा उंच सोडला की टण्ण. तो परत तिच्याच अंगावर यायचा.

जमीलने पोरवयात गावच्या टीममधून फिरकी टाकलेली. पुढे उजव्या हाताची तर्जनी ट्रॅक्टरच्या पट्ट्यात अर्धी गेली. पोरीला चेंडू धरायला शिकवायचा तर दाखवायला बोट नाही. त्याने उरलेल्या बोटांत धरून दाखवला. तिने डाव्या हातात तसाच उचलला. दहा वर्षांनी पुण्यात एका शिबिरात तिचा हात बघून तिथल्या मार्गदर्शकांनी विचारलं, ही पकड कुठल्या पुस्तकातली? तिने सांगितलं, "मॅसी ट्रॅक्टरच्या पट्ट्यातली." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

असो. या पकडीतून आणि या गोदामातून जो चेंडू तयार झाला तो चपटा, वेगात येणारा आणि नाकासमोर जाणारा होता. त्यातला कुठला वळणार हे तिला ठाऊक असायचं, समोरचीला नसायचं. एवढ्या भांडवलावर ती जिल्ह्यात गेली, राज्याच्या संघात गेली, आणि एकवीस वर्षांची असताना विमानात बसली.

पहिल्या एकदिवसीय सामन्याला हनुमानभाऊंनी बाजारतळावर मोठा पडदा लावला. आपल्याकडची दुपारची साडेतीनची वेळ. सहाशे माणूस जमला. अकरा जणींची नावं आली, त्यात कावेरीचं नव्हतं. "थांबा, दुसऱ्या डावात घेतील," असं भाऊंनी माइकवरून सांगितलं. क्रिकेटमध्ये तसं नसतं हे त्यांच्या कानात कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी माइक बंद केला. सतराव्या षटकानंतर कावेरी दिसली. अंगावर पिवळी बंडी, दोन हातांत पाण्याच्या सहा बाटल्या. पळत आली, पाणी दिलं, पळत गेली. सहाशे माणसाने टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या आपल्याकडे वाढप्याला वाजवतात तशा होत्या. भारत तो सामना हरला.

दुसऱ्या सामन्याला पडदा नव्हता. तो आपण जिंकलो. कावेरीने हातमोजे आणि टॉवेल नेऊन दिला. मालिका एक-एक झाली आणि बसस्टँडवर कावेरीच्या फ्लेक्सवर एका बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला.

दुसऱ्या दिवशी विश्वेश्वर पेंड न्यायला आला. त्याच्या आठ म्हशी आहेत आणि दुपारी त्याला काही काम नसतं.

"अप्पा, सरकी दोन पोती. आन एक इचारू का?"

अप्पांनी पोतं उचलून काट्यावर ठेवलं.

"न्हाई म्हंजे, पाणी वाटायलाच न्यायचं व्हतं तर इथून कावून नेलं? इंग्लंडात माणसं न्हाईत का? आपल्या बसस्टँडवर टाकी हाय, तिथं बसवली असती पोरगी. रोज घरी तरी आली असती."

दुकानातली तिघंचौघं हसली. अप्पा काट्याकडे बघत राहिले. ते भांडत नाहीत. ते वजन परत एकदा करतात.

काउंटरवरून उमाबाई म्हणाल्या, "इश्वेश्वरभाऊ, तुमच्या आठ म्हशींतली एक तरी इमानात बसली का?"

"म्हस कावून बसंल, वैनी?"

"मंग पेंड उचला आन चला. त्या वाट बघत असतील."

विश्वेश्वर गेला. पण तो बोलला ते दिवसभर दुकानात राहिलं. एकदिवसीय सामन्यांसाठीच कावेरीची निवड होती. तिसरा आणि शेवटचा सामना रविवारी. त्यात नाव आलं नाही तर सोमवारचं परतीचं विमान, आणि मग पुढच्या दौऱ्याच्या यादीत अशा मुलीला कोण शोधतं? हे उमाबाईंना कळत होतं, अप्पांना कळत होतं, आणि सगळ्यात जास्त जमीलला कळत होतं, कारण त्याच दुपारी त्याच्या मोबाइलवर तिचा फोन आला.

"चाचा, मॅडम म्हणत्यात बॉल हवेत सोड."

मॅडम म्हणजे संघाच्या प्रशिक्षक. जमील पाना खाली ठेवून उभा राहिला. मॅडमचं नाव निघालं की तो उभा राहायचा.

"मंग सोड की."

"सोडते. पण हवेत गेला की तो माझा ऱ्हातच न्हाई. नेटमधी आपल्याच पोरी मारायल्यात. मॅडम म्हणत्यात, एवढी चपटी फिरकी टाकलीस तर या पातळीवर टिकायची न्हाईस. बॉल फलंदाजाच्या डोळ्यावरून गेला पायजे. चाचा, माझा जातच न्हाई तिथवर. हात वर होतो आन मधीच थांबतो. काय करू?"

जमीलने मागे वळून गोदामाकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि अँगल दिसत होता.

"मॅडम सांगत्यात तसं कर, बेटा. त्यांनी दुनिया बघितली. मी मांजरसुंब्याच्या फुडं फारसा गेलेलो न्हाई."

"तुमाला पण असंच वाटतं?"

"असंच वाटतं."

जमीलने फोन ठेवला. मग शेडमध्ये गेला, गॅस कटर घेतला, शिडी घेतली, आणि तो अँगल कापला.

हे असं का, हे त्याला नंतर अनेकांनी विचारलं. अँगल बारा वर्षांपूर्वी त्यानेच जोडला होता, म्हणून कापायचा हक्कही आपला, एवढाच खुलासा त्याने केला. कापून झाल्यावर एक मिनिट काही झालं नाही. मग वरचे पत्रे दमल्यासारखे दीड फूट खाली आले आणि शेंगदाणा पेंडीच्या थप्पीवर टेकले.

अप्पा माल घेऊन संध्याकाळी बीडहून परतले तेव्हा जमील पत्र्याखाली टेकू लावत होता. अप्पांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पोरगी तिकडं हाय. अँगल हिकडं हाय. हिकडचा कापून तिकडचा बॉल वर जाणार हाय का?"

"न्हाई, अप्पा."

"मंग?"

"मला दिसत व्हता." जमीलने कपाळ पुसलं, त्यामुळे कपाळ काळं झालं. "तिचा हात मधीच थांबतो म्हणती. तो ह्याच्यामुळं थांबतो. मी लेकराला पत्र्याखाली वाढवली, अप्पा. तिला आभाळच म्हाईत न्हाई. समद्या दुनियेच्या पोरी मैदानात शिकल्या, आन हिला मी हमालाच्या वाटंत शिकवलं."

अप्पांना यावर वजन करता येईना.

उमाबाई काउंटर सोडून आत आल्या. बारा वर्षांत त्या गोदामात खेळ बघायला एकदाही आल्या नव्हत्या. गिऱ्हाईक सोडून येता येत नसे. त्यांनी पत्रे पाहिले, कापलेला तुकडा पाहिला आणि विचारलं, "मिस्त्री, तुमी तिला काय सांगितलं?"

"मॅडमचं ऐक म्हणालो."

"आन माझं कोण ऐकायचं?"

"वैनी, तुमी कधी बॉल बघितला न्हाई तिचा."

"बघितला न्हाई. ऐकलाय." उमाबाई खाली एका पोत्यावर बसल्या. "बारा वर्षं काउंटरवर बसून ऐकलाय. रिंगला लागला की खण्ण. पोत्यात गेला की धप्प. ह्या लोखंडाला लागला की टण्ण. पयल्या वर्षी पन्नासात दहा खण्ण. पाचव्या वर्षी तीस. जाताना शेवटच्या दिवशी पन्नासात शेहेचाळीस. मी मोजलेत. टण्ण तर चार वर्षं झाली, एकदाबी न्हाई. आन तुमी जे हे कापलं, त्याला ती कवाच सोडून गेलती. फोन लावा."

फोन लागला. तिकडे सराव संपत आला होता.

"कावे, तुझं ते हवेत सोडणं मला कळत न्हाई," उमाबाई म्हणाल्या. "तू आपलं रिंगवर टाक."

"आई, हितं रिंग नसती."

"तीन लाकडं तर असत्यात न्हवं?"

"मॅडम वरडतील, आई."

"पाणी दिल्यावर वरडत्यात का?"

"न्हाई."

"मंग वरडू दे की जरा."

कावेरी "बघते" म्हणाली. आमच्याकडे बघते याचा अर्थ नाही असा होतो, आणि हे फोनच्या दोन्ही टोकांना माहीत होतं.

रविवारी दुपारी तीन वाजता, मैदानात सराव करताना भारताच्या अनुभवी डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या मांडीचा स्नायू दुखावला. ही बातमी चौसाळ्यात कुणाला नव्हती. अप्पांनी रोजच्यासारखा मोबाइल वजनकाट्याला टेकवून ठेवला होता, आणि अकरा नावं पडद्यावर येत होती. नववं नाव वाचून अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. जमीलला बोलवायला हाक मारायची गरज पडली नाही. तो दारातच होता, हात पुसत.

तासाभरात दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. विश्वेश्वर सगळ्यात पुढे, पोत्यावर. "मी म्हणलंच व्हतं," तो म्हणाला. काय म्हणाला होता ते कुणी विचारलं नाही.

एक अडचण होती. अप्पांच्या मोबाइलवर सामना अर्धा मिनिट उशिरा दिसायचा. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात डिश टीव्ही होता, तिथे आधी दिसायचा. त्यामुळे चौकार इकडे दिसायच्या आत तिकडून ओरडा यायचा. अप्पांनी एकदा माणूस पाठवून हॉटेलवाल्याला शांत राहण्याची विनंती केली. हॉटेलवाल्याने उलट निरोप दिला की तुमीच हिकडं या, चहा घ्या. अप्पा दुकान सोडून जात नाहीत.

भारताने दोनशे एकवीस धावा केल्या. कावेरी शेवटी फलंदाजीला आली, एक चेंडू अडवला, आणि डाव संपला. मैदान समुद्राच्या काठावर होतं आणि वारा असा की टोप्या उडत होत्या. इंग्लंडची फलंदाजी आली आणि आपल्या दोघी फिरकी गोलंदाज चेंडू हवेत सोडू लागल्या. वारा तो चेंडू घ्यायचा, जरा इकडेतिकडे फिरवायचा आणि फलंदाजाच्या बॅटवर आणून ठेवायचा. एकतीस षटकं झाली तेव्हा इंग्लंड दोन बाद एकशे अठ्ठेचाळीस. एकोणीस षटकांत चौऱ्याहत्तर हवे होते. दुकानातले पाच-सहा जण संध्याकाळपासून खोळंबलेल्या धारा काढायला उठले. म्हशींना क्रिकेट नसतं.

बत्तिसावं षटक कावेरीला दिलं.

तिने पहिला चेंडू हवेत सोडला. मॅडमनी सांगितला होता अगदी तसा, फलंदाजाच्या डोळ्यांच्या वरून. इंग्लंडची उंच कर्णधार पुढे आली आणि तो चेंडू जो गेला तो समुद्राकडच्या स्टँडमध्ये. षटकार.

दुसराही हवेत. चौकार.

 जमील भिंतीला पाठ लावून खाली बसला. "गेली पोरगी," तो म्हणाला. "मीच सांगितलं. मीच म्हणालो, मॅडमचं ऐक."

"गप बसा, मिस्त्री," उमाबाई म्हणाल्या. त्या काउंटरवरच होत्या, मोबाइलकडे पाठ करून.

पडद्यावर आपली कॅप्टन कावेरीकडे चालत आली. दोघी काहीतरी बोलल्या. कावेरीने मान हलवली, मग चेंडू उजव्या हातात घेऊन डावा हात पँटला पुसला, पुसतच राहिली. समालोचक म्हणाला की नवोदित खेळाडूवर दडपण आलेलं दिसतंय. मग तिने मागच्या क्षेत्ररक्षकाला आत, जवळ बोलावलं. षटकार मारलेल्या बाजूचा माणूस आत बोलावणारी मुलगी घाबरलेली तरी असते किंवा ठरवून बसलेली.

तिसरा चेंडू आला तो कुणाच्या डोळ्यांवरून नाही, कंबरेच्या उंचीवरून. वारा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. कर्णधाराने बॅट उचलली आणि खाली आणेपर्यंत चेंडू पॅडवर आपटला होता. अपील झालं, पंचांनी नाही म्हटलं, थोडक्यात वाचली.

"हा," जमील उभा राहिला. "हा आपला बॉल हाय."

त्या षटकात अकरा धावा गेल्या. पुढच्या षटकात दोन. त्याच्या पुढच्यात एक, आणि शेवटच्या चेंडूवर कर्णधाराचा त्रिफळा. चेंडू सरळ येणार असं तिने धरलं होतं आणि तो वळला. तिने जाताना खेळपट्टीकडे असं पाहिलं जणू तिथे कुणी पाय अडकवला. चाळिसाव्या षटकात अजून एक पायचीत; ती वळेल म्हणून थांबली आणि चेंडू सरळ गेला. एका बाजूने धावा आटल्यावर दुसऱ्या बाजूला घाई सुटली. तीन झेल, एक धावबाद. धारा काढायला गेलेले अर्ध्या बादल्या घेऊन परत आले.

समालोचक आता म्हणत होता की या वाऱ्यात हीच गोलंदाजी योग्य, हे आपण सुरुवातीपासून सांगत होतो. विश्वेश्वरने त्याला दाद दिली.

हनुमानभाऊ याच सुमारास एका बारशातून सरळ दुकानात आले. त्यांनी आत शिरायचा प्रयत्न केला. कुणी जागा दिली नाही. युवा नेते बावीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या रांगेत, दाराबाहेर, टाचा वर करून उभे राहिले. गुडघा दुखत असणार, पण ते काही म्हणाले नाहीत.

शेवटचं षटक. इंग्लंड आठ बाद दोनशे सोळा. सहा धावा हव्या. चेंडू कावेरीच्या हातात, तिचं दहावं षटक.

पहिला चेंडू. धाव नाही. दुसरा, एक धाव. पाच हव्या, चार चेंडू. जमीलने दोन्ही कानांवर हात ठेवले, हॉटेलचा आवाज नको म्हणून. तिसऱ्या चेंडूच्या आधी हॉटेलात जो गोंधळ उठला तो हातांतूनही आत आला असावा, कारण त्याने डोळेही मिटले. अर्ध्या मिनिटाने मोबाइलवर कावेरी धावत आली आणि मधली यष्टी आडवी झाली. नऊ बाद.

नवी फलंदाज आली. चौथ्या चेंडूवर तिने दोन धावा पळून काढल्या. आता तीन हव्या, दोन चेंडू, एक गडी. कावेरी परत तिच्या जागेवर गेली.

आणि हॉटेलातून काहीच आवाज आला नाही.

पंचवीस माणसं तो नसलेला आवाज ऐकत होती. अर्धा मिनिट. अप्पांनी काट्याचं पारडं घट्ट धरलं होतं. विश्वेश्वर पुटपुटला, "चौका गेला वाटतं." उमाबाई पहिल्यांदा काउंटरवरून उठल्या, माणसांतून वाट काढत मोबाइलसमोर आल्या आणि उभ्या राहिल्या. "काय व्हायचं ते मी बघीन," त्या म्हणाल्या. "ऐकून लई झालं."

पडद्यावर कावेरी धावत आली. चेंडू चपटा, वेगात, नाकासमोर. फलंदाज मागे गेली, बॅट आडवी फिरली, हुकली, चेंडू मागच्या पायावर लागला. अकरा जणींनी एकदम हात वर केले. पंच हलले नाहीत. एक सेकंद, दोन सेकंद. पंचांनी बोट वर केलं. पण कुणी ओरडायच्या आत फलंदाजाने हातांनी टीची खूण करून दाद मागितली. आता टीव्हीवर तपासणार. म्हणजे हॉटेलात अजून तपासणी चालू होती. म्हणून ते गप्प होते.

"म्हंजे तिकडंबी म्हाईत न्हाई," जमील डोळे उघडून म्हणाला.

"आता दोन्हीकडं सारखंच हाय," अप्पा म्हणाले. त्या दिवसातलं हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

चेंडूची निळी रेघ पडद्यावर निघाली. ती अजून जमिनीवर टप्पा घेत होती तोच रस्त्यापलीकडून आवाज आला. हॉटेलवाल्याची आरोळी, खुर्च्या पडल्याचा आवाज, आणि कुणीतरी मोठं भांडं पळीने बडवायला लागलं. दुकानात कुणी हललं नाही. सगळ्यांना कळलं होतं आणि कुणालाच डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते नको होतं. निळी रेघ हळूहळू पुढे गेली, पुढे गेली, आणि मधल्या यष्टीच्या मधोमध जाऊन थांबली. तीन लाल ठिपके. बाद. भारत दोन धावांनी विजयी. कावेरी, दहा षटकं, पस्तीस धावा, चार बळी.

मग मात्र दुकान हललं. विश्वेश्वरने शेजारच्याला उचललं, शेजारचा त्याच्यापेक्षा जड निघाला, दोघे पोत्यांवर पडले. अप्पांनी जमीलला मिठी मारली. अप्पांचा पांढरा सदरा मागून काळा झाला तो अजून निघालेला नाही. बाहेर हायवेवर एकाने ट्रॅक्टर आडवा घातला, दुसऱ्याने हलगी आणली. दोन्ही बाजूंनी मालट्रका थांबल्या. एक सोलापूरचा ड्रायव्हर खाली उतरून रागाने विचारायला आला, "कोण मेलं का काय?" त्याला काय झालं ते सांगितलं तेव्हा तो परत गेला आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. त्याचं ऐकून मागच्या साठ गाड्यांनी तेच केलं. वाहतूक मोकळी करायला आलेल्या हवालदाराने आधी सामनावीर कोण ते विचारलं.

उमाबाई एकट्या मोबाइलसमोर उभ्या होत्या. पडद्यावर कावेरीला सगळ्या जणी खांद्यावर उचलून धरत होत्या आणि ती खाली उतरायला बघत होती. "केस विंचरले न्हाईत," त्या म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

तासाभराने फोन आला. गोंगाटात आधी काही ऐकू येईना. मग कावेरीचा आवाज आला, घसा बसलेला.

"आई, सोमवारचं इमान रद्द. टी-ट्वेंटीला ठेवून घेतलंय. गुरवारी पयली मॅच. चाचा हायेत का तिथं? मॅडमना बोलायचंय."

जमील मोबाइलपासून दोन हात लांब, ताठ उभा राहिला. बाहेर हलगी थांबवण्यात आली. मोबाइलवर एक करारी, शांत आवाज आला.

"जमीलजी? मैं कोच बोल रही हूँ. मैंने इस लड़की को दो हफ्ते ग़लत सिखाया. आज उसने दो गेंदों तक मेरी बात मानी, फिर नहीं मानी. मैंने टोका नहीं. एक बात पूछनी थी. इसके पास यही एक गेंद है, या आपने और भी कुछ सिखाया है?"

जमीलने अप्पांकडे पाहिलं, उमाबाईंकडे पाहिलं. मग त्याने ताठपणा सोडला, काउंटरवर एक कोपर टेकवलं आणि ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक किमतीवरून घासाघीस करायला लागल्यावर तो ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात म्हणाला,

"मॅडम, अभी इन लोगों से ये एकच नहीं खेला जा रहा. पहले ये खेलके दिखाने दो. फिर हमारे पास माल बहुत है."